मुंबईत मुक्काम कुठे करायचा? आधी लाइन, मग स्टेशन, मग बाजू

‘मुंबईत एखादं बरं, परवडणारं हॉटेल सुचव’ असं कुणी म्हटलं की मी आधी विचारतो, काम कुठे आहे आणि किती वाजता? नागपूर, लातूर किंवा रत्नागिरीहून येणाऱ्याला हा प्रश्न जरा आगाऊ वाटतो. पण खोली कितीही चांगली असली आणि ती चुकीच्या लाइनवर असली, तर दिवसाचे दोन-तीन तास नुसते जाण्यायेण्यात जातात. इतर शहरांत ‘मध्यवर्ती ठिकाणी’ उतरलं की भागतं. मुंबई दक्षिणोत्तर लांब आणि रुंदीला चिंचोळी, रेल्वेचे रूळही त्याच लांबीने गेलेले. त्यामुळे उत्तर-दक्षिण जाणं सोपं आणि पूर्व-पश्चिम जाणं कटकटीचं. एवढं ध्यानात घेतलं की अर्धा निर्णय तिथेच होतो.

दवाखाना, व्हिसा, कोर्टकचेरी, लग्न किंवा मुलांना मुंबई दाखवणं, अशा कामासाठी तीन-चार दिवस येणाऱ्यांसाठी हे लिहितोय. नातेवाइकांकडे उतरणाऱ्यांनीही वाचायला हरकत नाही. डोंबिवलीच्या मावशीचा पाहुणचार कितीही गोड असला, तरी रोज सकाळी दहाला फोर्टात पोचायचं असेल तर मावशीकडे शनिवार-रविवारी जावं आणि कामाचे दिवस दुसरीकडे काढावेत.

कामांची यादी, पूर्ण पत्त्यासकट

कागदावर एकेक काम लिहा. त्यासमोर पूर्ण पत्ता, जवळचं स्टेशन आणि पोचायची वेळ लिहा. नुसतं ‘मुंबईत’ लिहून चालत नाही, कारण इथे एकाच नावाच्या जागा दोन-दोन ठिकाणी आहेत. टाटा हॉस्पिटल म्हटलं की सगळ्यांना परळ आठवतं, पण टाटाचंच मोठं केंद्र खारघरला आहे आणि अपॉइंटमेंट तिथली असू शकते. परळ ते खारघर म्हणजे लोकल बदलून दीड तासाच्या घरातला प्रवास. विद्यापीठाचं काम फोर्टातल्या इमारतीत आहे की कलिन्याला, हेही विचारून घ्या.

विमानाने येणाऱ्यांनी तिकीट नीट वाचावं. डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईच्या विमानतळावरूनही उड्डाणं सुरू आहेत. तिकिटावर ‘बीओएम’ असेल तर जुना विमानतळ, ‘एनएमआय’ असेल तर पनवेलजवळचा नवा. जुन्या विमानतळाचीही दोन टर्मिनलं आहेत. टी-१ विलेपार्ले-सांताक्रूझच्या बाजूला, टी-२ अंधेरी पूर्वेला सहारला.

रेल्वेचंही तसंच. ‘कुर्ला टर्मिनस’ म्हणजे लोकमान्य टिळक टर्मिनस, आणि ते कुर्ला स्टेशनात नाही. तिथून कुर्ला लोकल स्टेशन बॅगा घेऊन चालत जाण्यासारखं नाही, हार्बरचं टिळकनगर त्यापेक्षा जवळ. वांद्रे टर्मिनस आणि वांद्रे स्टेशन हीसुद्धा वेगवेगळी प्रकरणं आहेत. परतीची गाडी कुठून सुटते ते यादीत शेवटचं काम म्हणून लिहा. पहाटे वांद्रे टर्मिनस गाठायचं आहे आणि मुक्काम वाशीला, असं जमवून ठेवणारे लोक मी पाहिलेत.

यादीवरून लाइन ठरवा

लोकलच्या मुख्य लाइनी तीन. वेस्टर्न चर्चगेटहून निघून दादर, वांद्रे, अंधेरी, बोरिवलीमार्गे विरार आणि पुढे डहाणूपर्यंत जाते. सेंट्रल सीएसएमटीहून भायखळा, दादर, कुर्ला, घाटकोपर, ठाणे करत कल्याण आणि पुढे कसारा-खोपोलीकडे. हार्बर सीएसएमटीहून वडाळा, कुर्ला, वाशीमार्गे पनवेलला. वेस्टर्न आणि सेंट्रल दादरला भेटतात, सेंट्रल आणि हार्बर कुर्ल्याला.

यादीतली जास्तीत जास्त कामं ज्या लाइनवर पडतात, त्या लाइनवर राहा. दोन लाइनींवर सारखी विभागली असतील तर जिथे लाइनी मिळतात तिथे. बाहेरगावच्या माणसाला दादर सुचवलं जातं ते यासाठी. तिथल्या लॉजांमध्ये फार थाटमाट असतो अशातला भाग नाही.

या हिशेबात आता मेट्रोही धरायला हवी. आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो-३ ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण सुरू झाली. २७ स्थानकांची ही लाइन मंत्रालयाच्या परिसराला चर्चगेट, सीएसएमटी, गिरगाव, सिद्धिविनायक, दादर, बीकेसी (वांद्रे-कुर्ला संकुल) आणि विमानतळाच्या दोन्ही टर्मिनलांशी जोडते. घाटकोपर-अंधेरी-वर्सोवा ही मेट्रो-१ तिला मरोळ नाक्याला भेटते. बॅगा, म्हातारी माणसं, लहान मुलं सोबत असतील तर मेट्रोजवळची खोली चारशे-पाचशे रुपये जास्त देऊनही घ्यावी असं माझं मत आहे. मेट्रो रात्री लोकलच्या आधी बंद होते, तेवढं लक्षात ठेवा. लोकल साधारण एक ते पहाटे चार एवढीच थांबते.

दिशा बघायला विसरू नका. सकाळी आठ ते अकरा गर्दी दक्षिणेकडे, म्हणजे चर्चगेट-सीएसएमटीकडे धावते आणि संध्याकाळी साडेपाच ते नऊ उलट. दक्षिणेला राहून सकाळी उत्तरेला गेलात तर बऱ्यापैकी बसायला मिळतं. ठाण्याला राहून सकाळी नऊच्या फास्टने सीएसएमटीला जायचं असेल, तर दारात शिरणं ही एक कला आहे आणि ती तीन दिवसांत येत नाही. संध्याकाळी अंधेरीला उतरायचं असेल तर विरार फास्टमध्ये अजिबात चढू नका. उतरता येणार नाही, आणि दारातली मंडळी चार शब्द ऐकवतील ते वेगळंच.

कामाप्रमाणे भाग

*टाटा, केईएम, वाडिया.* तिन्ही परळला, सेंट्रल लाइनच्या पूर्वेला. म्हणून राहायचं तेही पूर्वेलाच: परळ, हिंदमाता किंवा दादर पूर्व. तपासण्या एका दिवसात संपत नाहीत. सकाळी रक्त देऊन या, दुपारी रिपोर्ट घ्या, संध्याकाळी डॉक्टर बघतील, असं चालतं. मध्ये दोन तास रुग्णाला पाठ टेकता येईल इतकी खोली जवळ हवी, आणि त्यासाठी ती लहान-जुनाट असली तरी चालेल. प्रभादेवी आणि परळ स्टेशनांवरून जाणारा एल्फिन्स्टनचा जुना पूल सप्टेंबर २०२५ मध्ये पाडकामासाठी बंद झाला. त्यामुळे पश्चिमेला, लोअर परळ-प्रभादेवीला उतरलात तर टॅक्सीला वळसा पडतो.

मुक्काम लांबणार असेल तर लॉज परवडत नाही. दादर पूर्वेची संत गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळचं नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन इथे रुग्ण आणि नातेवाइकांची सोय होते. जागा हाउसफुल्ल असतात, म्हणून हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात पहिल्याच दिवशी नाव सांगून ठेवा. कुठे काय शिल्लक आहे याची खबर त्यांना असते. आणि लोकलमध्ये दिव्यांगांचा जो डबा असतो, त्यात कर्करुग्णांना बसायची मुभा आहे. फाइल हातात ठेवा.

*मंत्रालय, हायकोर्ट, फोर्टातली कार्यालयं.* राहायची जागा सीएसएमटी, फोर्ट, चर्चगेट. आमदारांच्या चिठ्ठीवर आमदार निवासात सोय होत असेल तर प्रश्नच मिटला, पण त्या चिठ्ठीच्या मागे दोन दिवस घालवू नका. सीएसएमटीसमोरच्या गल्ल्यांत स्वस्त लॉज भरपूर आहेत. त्यांत एकाच खोलीचे प्लायवूड घालून दोन केलेले प्रकार निघतात. ‘खिडकी आहे का, आणि ती बाहेर उघडते की पॅसेजमध्ये?’ हा प्रश्न इथे विचारायचाच. फोर्ट हा कचेऱ्यांचा भाग, त्यामुळे रविवारी बहुतेक खाणावळी बंद आणि रस्ते मोकळे. शांतता हवी असेल तर उत्तम, पण रात्री दहाला पोरांना भूक लागली तर चालत सीएसएमटीकडे यावं लागतं.

*व्हिसा.* अमेरिकेचं कॉन्सुलेट बीकेसीत. आतल्या हॉटेलांचे दर सामान्य माणसाने बघू नयेत असे. कलिना, वाकोला, सांताक्रूझ पूर्व ही जवळची बाजू आणि तिथे रिक्षा चालते. दुसरा पर्याय दादर: मेट्रो-३ ने तिसरं स्टेशन बीकेसी. बोटांचे ठसे आणि मुलाखत बहुधा वेगवेगळ्या दिवशी असतात, म्हणून एक रात्र तरी धराच. मुलाखतीला मोबाइल, बॅग आत नेऊ देत नाहीत. सामान खोलीवर ठेवता आलं पाहिजे, म्हणून मुलाखतीच्या सकाळी चेकआउट करू नका.

*नुसती मुंबई बघायची.* गेटवे, म्युझियम, मरीन ड्राइव्ह, घारापुरी हे सगळं दक्षिण टोकाला. खिशाला झेपत असेल तर कुलाबा, नाहीतर चर्चगेट किंवा चर्नी रोड-गिरगाव. कुलाब्याला पायाशी लोकल स्टेशन नाही, पण संध्याकाळी परत येऊन पुन्हा समुद्रावर फिरायला जाता येतं. लहान मुलांसोबत ही चैन मोठी आहे. घारापुरी आणि बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान सोमवारी बंद, भायखळ्याची राणीची बाग बुधवारी. सोमवार मध्ये येत असेल तर तो लोकलच्या गर्दीत वाया न घालवता सिद्धिविनायक, महालक्ष्मी, हाजी अलीला द्या.

*पहाटेचं किंवा मध्यरात्रीचं विमान.* फक्त त्या एका रात्रीपुरतं विमानतळाजवळ राहा, सगळा मुक्काम तिथे नको. ‘एअरपोर्टजवळ’ या नावाखाली साकीनाक्यापासून सांताक्रूझपर्यंत काहीही खपवतात. संध्याकाळच्या साकीनाक्यात जो अडकलाय त्याला पुढचं सांगायची गरज नाही. टी-१ असेल तर विलेपार्ले पूर्व बघा. वस्ती घरगुती, मराठी जेवण मिळतं आणि स्टेशन चालत.

*स्वतःची गाडी घेऊन येणारे.* यांनी बेटावरच्या मुंबईत राहूच नये. गाडी उभी करायला जागा मिळत नाही, मिळाली तर रात्री कुणीतरी उठवतं. पुणे-कोल्हापूरकडून येणाऱ्यांनी वाशी किंवा पनवेल, नाशिककडून येणाऱ्यांनी ठाणे, गुजरातच्या बाजूने येणाऱ्यांनी बोरिवली गाठावं. पार्किंग असलेलं हॉटेल घ्यावं आणि सकाळची गर्दी ओसरल्यावर, अकरानंतर, लोकलने आत यावं. ऑक्टोबर २०२४ पासून मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांना टोल माफ आहे. तरी खाडीपूल ओलांडायचा मोह आवरा. हीच ठिकाणं टाटाच्या खारघर केंद्रासाठी कशी? पनवेल आणि वाशी उत्तम, बाकीची दोन नकोत.

पूर्व की पश्चिम: हे दादरलाच बघू

स्टेशन ठरलं की निम्मे लोक थांबतात आणि ‘दादर, स्टेशनपासून पाच मिनिटं’ असं वाचून बुकिंग करतात. पाच मिनिटं कुठल्या बाजूने?

समजा तुम्ही महालक्ष्मी एक्स्प्रेसने कोल्हापूरहून सकाळी दादरला उतरलात. ती सेंट्रलच्या बाजूला, म्हणजे पूर्वेकडे लागते. दादरच्या प्लॅटफॉर्मचे आकडे २०२३ च्या डिसेंबरपासून सलग एक ते चौदा झालेत: एक ते सात वेस्टर्न, आठ ते चौदा सेंट्रल. जुने लोक अजून जुनेच आकडे सांगतात, त्यांच्यावर जाऊ नका. लॉज पूर्वेला, स्वामीनारायण मंदिराजवळ असेल तर पायऱ्या चढून-उतरून बाहेर आलं की समोरच. लॉज पश्चिमेला असेल तर बॅगा उचलून पूल चढायचा, सकाळच्या नोकरदार गर्दीच्या आडवं चौदा फलाटांवरून पलीकडे जायचं आणि उतरायचं ते फूलबाजारात. तिथे पहाटेपासून झेंडूच्या राशी, पाठीवर गोणी घेतलेले हमाल, भिजलेला रस्ता आणि ‘बाजू, बाजू’. दोन बॅगा आणि गुडघेदुखी असलेली आई बरोबर असेल तर ही पाच मिनिटं अर्ध्या तासाची होतात. टॅक्सी करून बाजू बदलायची तर टिळक पुलाला वळसा आलाच.

मात्र पश्चिमेचं सुख निराळं. शिवाजी पार्क, शिवाजी मंदिर, आस्वाद-प्रकाशचं खाणं, सिद्धिविनायक हाकेच्या अंतरावर आणि मेट्रो-३ चं दादर स्थानकही याच बाजूला. म्हणून परळचा दवाखाना, सेंट्रलची गाडी, पुण्याची शिवनेरी यासाठी पूर्व. नाटक, खरेदी, बीकेसी, सिद्धिविनायक यासाठी पश्चिम. हाच हिशेब अंधेरीला दुप्पट कडक लावा. तिथे पूर्व आणि पश्चिम ही जवळजवळ दोन गावं आहेत आणि मधला सबवे पावसात भरतो.

नकाशावर लॉज टाकून ‘चालत’ हा पर्याय निवडा आणि रस्ता रूळ ओलांडतो का, हायवे ओलांडतो का, ते बघा. आजूबाजूच्या दुकानांचे फोटोही चाळा. खाली बार असेल तर रात्री दीडपर्यंत झोप नाही. मशीद, मंदिर, मंगल कार्यालय, मच्छीबाजार यांतलं काय चालेल ते ज्याचं त्याने ठरवावं.

आणखी एक मराठी माणसाला हटकून चकवणारी गोष्ट: वांद्रे-माहीम आणि सायनच्या दक्षिणेला रिक्षा नाही. दादर, परळ, फोर्ट, कुलाबा इथे काळी-पिवळी, बेस्टची बस किंवा पाय. जवळच्या भाड्याला टॅक्सीवाला नाही म्हणतो तेव्हा बसचा नंबर माहीत असलेला बरा. म्हणून दक्षिणेला स्टेशनपासून लांबची स्वस्त खोली घेऊ नये, तर उत्तरेला ती चालून जाते.

तारीख तपासा

जून ते सप्टेंबर यायचं असेल तर सखल भाग टाळा. हिंदमाता, किंग्ज सर्कल, सायन, कुर्ला, मिलन सबवे ही नावं दर पावसाळ्यात बातम्यांत असतात. मुसळधार पाऊस आणि समुद्राची मोठी भरती एकत्र आली की पाणी उतरत नाही आणि सेंट्रल-हार्बर कुर्ला-सायनच्या पट्ट्यात अडकतात. दवाखान्यासाठी हिंदमाता सुचवलं ते खरं, पण पावसाळ्यात तिथे तळमजल्याची खोली घेऊ नका.

गणपतीत लालबाग-परळला टॅक्सी शिरत नाही, विसर्जनाला गिरगावचे रस्ते बंद. दर्शनालाच येत असाल तर भायखळा किंवा दादर पूर्वेला राहून चालत जा. दवाखान्याचं काम असेल तर शक्यतो ते दहा दिवस सोडून तारीख मागा. ६ डिसेंबरच्या आगेमागे चैत्यभूमीसाठी देशभरातून लोक दादरला येतात. तेव्हा शिवाजी पार्क परिसरात खोली मिळणं अवघड, आणि इतर कामासाठी येणाऱ्याने तेव्हा दादर धरूच नये. रविवारी रेल्वेचा मेगाब्लॉक असतो, म्हणजे दुरुस्तीसाठी काही तास गाड्या बंद किंवा वळवलेल्या. कुठल्या लाइनवर, किती वाजता, हे एक-दोन दिवस आधी पेपरात येतं. रविवारी हार्बरवरून गाडी पकडायला जाणाऱ्यांनी ते आवर्जून वाचावं.

बुकिंगआधीचा फोन

ॲपवर पैसे भरण्याआधी लॉजवर थेट फोन करा. दर कमी होतो तो नफा वेगळा. पहिला प्रश्न चेकआउटचा: चोवीस तासांचं आहे की दुपारी बाराचं? विदर्भ, देवगिरी, महालक्ष्मी अशा रात्रीच्या गाड्या सकाळी सातच्या आसपास मुंबईत पोचतात. बाराच्या हिशेबाच्या हॉटेलात तुम्हाला पाच तास लॉबीत बसावं लागेल किंवा एका दिवसाचं जास्तीचं भाडं. चोवीस तासांचं लॉज असेल तर आल्याआल्या आंघोळ करून कामाला. हा एकच मुद्दा कधीकधी हजार-बाराशे वाचवतो.

दुसरं, लिफ्ट आहे का आणि खोली कितव्या मजल्यावर. दक्षिण मुंबईतल्या जुन्या इमारतींचे जिने उभे असतात आणि ‘दुसरा मजला’ म्हणजे व्यवहारात तिसरा. तिसरं, पाणी चोवीस तास की सकाळ-संध्याकाळ, गरम पाणी किती वाजेपर्यंत. चौथं, ओळखपत्र. काही लॉज मुंबई-ठाण्याच्या पत्त्याचं आधार चालवून घेत नाहीत, काही अविवाहित जोडप्यांना नाही म्हणतात. मुलगा नोकरीमुळे मुंबईकर झालाय आणि आईवडिलांसोबत त्यालाही राहायचंय, तर आधीच विचारलेलं बरं. पाचवं, सांगितलेल्या भाड्यात जीएसटी धरलाय का आणि तिसऱ्या माणसाच्या गादीचे किती.

आणि शेवटचं, चेकआउटनंतर संध्याकाळच्या गाडीपर्यंत बॅगा ठेवून घेता का? बहुतेक जण हो म्हणतात, पण फोनवर बोललेल्या माणसाचं नाव विचारून ठेवा. संध्याकाळी काउंटरवर दुसराच बसलेला असतो.